जुन्या इंग्रजीत तत्त्व कुठे राहत होतं

लॅटिन बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक आणि योहानाचं शुभवर्तमान ही दोन्ही 'इन प्रिन्सिपिओ' या शब्दांनीच उघडतात. इसवी सन १००० च्या आसपास इंग्लंडमधल्या धर्मपंडितांनी हे ग्रंथ आपल्या बोलीत आणले. उत्पत्तीसाठी ॲल्फ्रिकने लिहिलं 'ऑन आंगिन्ने', आणि योहानाच्या भाषांतरात शब्द आले 'ऑन फ्रुम्थे'. आंगिन काय किंवा फ्रुम्थ काय, अर्थ एकच: आरंभ. ज्या लॅटिन 'प्रिन्सिपियम'मधून पुढे 'प्रिन्सिपल', म्हणजे तत्त्व, हा शब्द घडला, तो इंग्रजी वाचकाला पहिल्यांदा भेटला तो असा, सृष्टी सुरू झाली त्या क्षणाचं नाव म्हणून.

आज 'मॅन ऑफ प्रिन्सिपल' म्हटलं की न वाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा अर्थ त्या शब्दाला फार उशिरा चिकटला. त्याआधी इंग्रज माणसाला तत्त्वाची जाण नव्हती असं मुळीच नाही. त्याचं तत्त्व वेगळ्या घरी राहत होतं. काही इमारतीच्या पायात, काही सुताराच्या अवजारात, काही दिलेल्या वचनात आणि काही फेडायच्या देण्यात. त्या जुन्या शब्दसंग्रहाबद्दल मला फार आदर वाटतो, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द हाताने तपासता येतो. पाया खचला की दिसतो, कोन चुकला की कळतो, कर्ज राहिलं की सावकार दारात येतो.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. जुनी इंग्रजी म्हणजे साधारण सातव्या ते अकराव्या शतकातली, नॉर्मन फ्रेंचांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्याआधीची भाषा. त्यानंतर सुमारे १५०० पर्यंतची ती मध्य इंग्रजी. आणि इथले जुने शब्द उच्चाराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन देवनागरीत लिहिले आहेत.

पायापासून सुरुवात करू. आरंभासाठी जुन्या इंग्रजीत 'ओर्ड' असाही शब्द होता. भाल्याचं किंवा तलवारीचं टोक म्हणजे ओर्ड, सैन्याची आघाडीची रांग म्हणजे ओर्ड, आणि कशाचाही उगम म्हणजेही ओर्ड. कॅडमन नावाच्या गुराख्याचं ईश्वरस्तोत्र ही इंग्रजीतल्या सर्वात जुन्या कवितांपैकी एक. त्यात देवाने प्रत्येक अद्भुत गोष्टीचा 'ओर्ड' घालून दिला असं म्हटलं आहे. 'ग्रुंड' हा शब्द मात्र खाली पाहणारा. समुद्राचा तळ, दरीचा तळ, भिंतीखालची जमीन, सगळं ग्रुंड. आजचा 'ग्राउंड' तोच. वादात 'ऑन व्हॉट ग्राउंड्स' असं विचारतात ते युक्तिवाद कशावर उभा आहे ते पाहण्यासाठी. कॉफीच्या तळाशी बसणाऱ्या गाळालाही 'ग्राउंड्स' म्हणतात, कारण तोही तळाशी असतो.

या गटातला माझ्या मते सर्वात सुंदर शब्द 'स्ताथोल'. पाया, आधार, ज्यावर काही उभं राहतं ते. त्यापासून 'स्ताथोलफॅस्ट' हे विशेषण, म्हणजे पायाशी घट्ट, डगमगत नाही असा. संस्कृत 'स्था' धातूशी त्याचं रक्ताचं नातं आहे, आणि आपल्या 'स्थिर', 'स्थान', 'निष्ठा' या शब्दांचंही. स्ताथोल हा शब्द पुस्तकी इंग्रजीतून गेला, पण शेतात टिकला. दक्षिण इंग्लंडमध्ये, ससेक्स, हॅम्पशायर, विल्टशायर, डॉर्सेट भागात, धान्याची लाकडी कोठारं दगडी पायांवर उभी करत. त्या दगडांना 'स्टॅडल स्टोन' म्हणतात. स्टॅडल म्हणजे तोच स्ताथोल.

स्टॅडलची रचना पाहण्यासारखी आहे. दोन दगड असतात. खालचा उभा, वर निमुळता होत जाणारा. त्यावर टोपीसारखा गोल दगड, खालून सपाट, वरून घुमटाकार, सगळ्या बाजूंनी बाहेर आलेला. छोट्या कोठाराखाली तीन-तीनच्या तीन रांगांत असे नऊ पाय ठेवण्याची पद्धत बरीच होती, मोठ्याखाली जास्त. उंदीर खालच्या दगडावरून चढतो, पण टोपीच्या खालच्या सपाट बाजूला उलटं लटकून काठ ओलांडणं त्याला जमत नाही. शिवाय खालून वारा खेळतो, त्यामुळे जमिनीतली ओल धान्यापर्यंत पोचत नाही. ही व्यवस्था बिघडते ती दगडामुळे नाही. कोणी फळी टेकवून ठेवतो, गाडी लावून ठेवतो, गवत टोपीपर्यंत वाढू देतो, आणि उंदराला जिना मिळतो. म्हणून कोठाराच्या पायऱ्यासुद्धा भिंतीपासून सुट्या ठेवत. पाया पक्का असणं पुरेसं नसतं, त्याला दुसरं काही टेकू द्यायचं नसतं, हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. 'स्ताथोलफॅस्ट' म्हणताना त्यांच्या पूर्वजांना नेमकं काय म्हणायचं होतं ते मला या कोठारांकडे पाहून जास्त कळतं.

आता सुताराकडे. हा गट सर्वात श्रीमंत आहे.

इंग्रजी 'राइट' जुन्या इंग्रजीत 'रिख्त'. पहिला अर्थ सरळ. सरळ रेषा, सरळ रस्ता. त्यातून योग्य, न्याय्य, हक्काचं. याच मुळातून संस्कृतचा 'ऋजु' आला, आणि मराठीतली ऋजुताही. आपण 'सरळमार्गी' आणि 'वाकड्या वाटेला लागलेला' म्हणतो तेव्हा इंग्रजांनी केलं तेच करतो. इंग्रजीतला 'राँग' हा उत्तरेकडून, व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. त्याचा अर्थ वाकडा, पिळलेला. कपडा पिळणं म्हणजे 'रिंग', तो त्याच घरातला. कायद्यातला 'टॉर्ट', आपल्याकडे ज्याला अपकृत्य म्हणतात, तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचाही मूळ अर्थ पिळलेला. दोन भाषांमधून आलेले शब्द, आणि दोघांनी अन्यायासाठी तीच आकृती निवडली.

मग अवजारं. 'रूल' म्हणजे नियम, लॅटिन 'रेगुला'मधून. रेगुला म्हणजे सरळ पट्टी. शाळेच्या दप्तरातली पट्टी इंग्रजीत आजही 'रूलर' आहे. 'कॅनन' म्हणजे धर्माचा नियम किंवा प्रमाणग्रंथांची यादी. ग्रीकमध्ये 'कानोन' म्हणजे गवंड्याची किंवा सुताराची सरळ काठी, आणि त्यामागे बोरूसारख्या पोकळ काठीचं नाव. 'नॉर्म' म्हणजे लॅटिन 'नॉर्मा', आणि नॉर्मा म्हणजे चक्क आपला गुण्या, काटकोन तपासण्याचं अवजार. म्हणून गणितात पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेला आजही 'नॉर्मल' म्हणतात. 'एनॉर्मस'चा जुना अर्थ प्रचंड असा नव्हता. गुण्याच्या बाहेर गेलेलं, मर्यादा सोडलेलं, म्हणून भयंकर. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत एखाद्याच्या 'एनॉर्मिटी'बद्दल वाचलं तर आकाराकडे पाहू नये, गुन्ह्याकडे पाहावं.

गुण्या जवळून पाहिला तर हे शब्द अधिक पक्के होतात. मोठा काटकोन आखायचा असेल तर एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजायचे आणि दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरतं का ते पाहायचं. भरलं तर कोपरा गुण्यात आहे. ५ पेक्षा जास्त भरलं तर कोन उघडा, कमी भरलं तर मिटलेला. पण ही कसोटी भिंतीची झाली. गुण्या स्वतः बरोबर आहे का? त्यासाठी सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर रेघांमधलं अंतर चुकीच्या दुप्पट असतं. नवशिक्याची नेहमीची फसगत इथे होते. सगळे कोपरे त्याच चुकीच्या गुण्याने तपासतो, सगळे बरोबर येतात, आणि शेवटी दार चौकटीत बसत नाही.

अशा बरोबर गुण्याला, सपाट फळीला, न डोलणाऱ्या चाकाला इंग्रज सुतार आजही 'ट्रू' म्हणतो. चाक 'ट्रू' करणं हा सायकलवाल्यांचाही रोजचा शब्द आहे. हा 'ट्रू' आपल्याला तिसऱ्या घराकडे, वचनाच्या घराकडे नेतो.

जुन्या इंग्रजीत 'त्रेओव' म्हणजे झाड, आणि तसाच लिहिला जाणारा दुसरा 'त्रेओव' म्हणजे निष्ठा, करार. हा केवळ योगायोग नसावा असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. दोन्हींच्या मुळाशी घट्ट, न हलणारं असा भाव आहे आणि संस्कृतचे 'दारु' म्हणजे लाकूड, 'द्रुम' म्हणजे वृक्ष हे त्याच कुळातले. (मराठीतली प्यायची दारू फारसीतून आली, तिचा इथे संबंध नाही.) या निष्ठेपासून भाववाचक नाम झालं 'त्रेओथ'. त्याचीच दोन रूपं पुढे वेगळी झाली: 'ट्रूथ' आणि 'ट्रॉथ'. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या वेळी वर म्हणतो, 'आय प्लाइट दी माय ट्रॉथ'. इथला 'प्लाइट' मुळात जोखीम. माझी निष्ठा मी तुझ्यापाशी जोखमीला लावतो, असा त्या वाक्याचा भार आहे. लग्नासाठीचा 'वेडिंग' हा शब्दही 'वेड', म्हणजे तारण किंवा प्रतिज्ञा, यापासूनच.

मध्य इंग्रजी वाचताना सर्वात जास्त चुकतं ते इथे. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या कँटरबरी कथांमध्ये एक सरदार बायकोला सांगतो की 'ट्रूथ' ही माणसाने जपायची सर्वात थोर गोष्ट आहे. हे 'सत्यमेव जयते'च्या चालीवर वाचलं की कथा कळेनाशी होते. तिथे सत्यासत्याचा प्रश्नच नाही. बायकोने चेष्टेत एकाला अशक्य वाटणारी अट घालून शब्द दिला आहे, अट पुरी झाल्याचं दिसतं आहे, आणि आता शब्द पाळायचा की नाही एवढाच पेच आहे. सरदाराच्या तोंडचा 'ट्रूथ' म्हणजे दिलेला शब्द. घडलेल्या गोष्टीशी जुळणारं विधान हा अर्थ त्याच सुमारास बळ धरत होता आणि नंतर त्यानेच सगळी जागा घेतली. चौदाव्या शतकातला कुठलाही मजकूर वाचताना 'ट्रूथ' दिसला की आधी 'वचन' घालून पाहावं आणि बसलं नाही तरच 'सत्य' घ्यावं. हा क्रम बहुतेक वेळा उपयोगी पडतो.

वचनाला कायद्याचं हाड कसं मिळालं ते आल्फ्रेड राजाच्या कायद्यात दिसतं. आल्फ्रेड हा दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा, कारकीर्द ८७१ ते ८९९. त्याच्या कायद्याच्या ग्रंथात सुरुवातीला मोशेच्या दहा आज्ञा आहेत, मग जुन्या करारातले आणखी नियम, मग प्रेषितांचं, म्हणजे येशूच्या शिष्यांचं, पत्र. त्या पत्रात हे येतं की दुसऱ्यांनी तुमच्याशी जे करू नये असं तुम्हाला वाटतं ते तुम्ही त्यांच्याशी करू नका. आणि त्याला जोडून आल्फ्रेड म्हणतो की या एका 'दोम'वरून माणसाला प्रत्येकाचा योग्य न्याय करता येईल, त्याला दुसऱ्या कुठल्या 'दोमबोक'ची, न्यायग्रंथाची गरज नाही. आजच्या अर्थाने 'प्रिन्सिपल' काय असतं ते याहून स्पष्ट कुठे सापडेल? अनेक नियमांच्या मागे असलेला एकच नियम, ज्यातून बाकीचे काढता येतात. शब्द मात्र 'दोम' आहे. दोम म्हणजे मांडून ठेवलेला निवाडा. संस्कृत 'धा', ठेवणे, हे त्याचं नात्यातलं मूळ. आपला 'विधी' आणि 'विधान' त्याच धातूचे. त्याचं आजचं रूप 'डूम' फक्त सर्वनाशापुरतं उरलं, हे मला खरोखर नुकसान वाटतं. शेवटच्या निवाड्याचा दिवस म्हणून 'डूम्सडे', त्यातून ही काळी छाया आली.

त्याच आल्फ्रेडच्या स्वतःच्या कायद्यांमधलं पहिलं कलम शपथ आणि प्रतिज्ञेबद्दल आहे: सर्वात आधी, प्रत्येकाने आपली शपथ आणि आपला 'वेड' जपून पाळावा. लगेच अपवाद येतो. कोणी जबरदस्तीने चुकीचं वचन घेतलं, धन्याशी दगा करण्याचं किंवा बेकायदा कामात मदतीचं, तर ते पाळण्यापेक्षा मोडलेलं बरं. आणि मग शिक्षा. योग्य गोष्टीचं वचन देऊन मोडलं तर शस्त्रं आणि मालमत्ता मित्रांच्या ताब्यात द्यायची आणि राजाच्या ठाण्यावर ४० रात्री कैदेत राहायचं. त्याच्याकडे खायला नसेल तर नातेवाइकांनी जेवण पुरवायचं, नातेवाईक नसतील तर राजाच्या कारभाऱ्याने. तत्त्व, अपवाद, दंड आणि कैद्याच्या जेवणाची सोय हे सगळं एकापाठोपाठ. अकराशे वर्षांपूर्वीचा हा मसुदा वाचताना त्याच्या नीटपणाचं कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

'लॉ' हा आजचा शब्द मात्र आल्फ्रेडच्या घरचा नाही. कायद्यासाठी त्यांच्याकडे 'ॲ' असा एकाक्षरी शब्द होता. तो मागे पडला आणि नॉर्सकडून 'लगु' आला, खाली मांडलेलं, घालून दिलेलं. लॅटिन 'लेक्स'शी त्याचं नातं आहे असं सर्रास सांगितलं जातं, पण ते तसं नाही.

चौथं घर देण्याचं. इंग्रजी शिकताना 'शुड' आणि 'ऑट' ही सहायक क्रियापदं म्हणून पाठ होतात आणि त्यांच्या मागे काय आहे ते कोणी सांगत नाही. 'ऑट' हे 'ओ' या क्रियापदाचं, म्हणजे देणं लागणे याचं, जुनं भूतकाळी रूप. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरच्या पहिल्या नाटकात खानावळवाली राजपुत्राला सांगते की एक जण म्हणत होता, तुम्ही त्याला हजार पौंड 'ऑट'. म्हणजे देणं लागत होता. त्याही मागे गेलं तर जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ मालकी असणे, आणि संस्कृतचा 'ईश्', सत्ता असणे, त्याचा भाऊबंद. मालकीपासून देण्याकडे, देण्यापासून कर्तव्याकडे हा प्रवास झाला. 'शुड'चंही, म्हणजे 'शॅल'च्या भूतकाळी रूपाचंही, तसंच. लूकच्या शुभवर्तमानात अप्रामाणिक कारभाऱ्याची गोष्ट आहे. तो धन्याच्या कुळांना एकेक करून विचारतो, तू माझ्या धन्याचं किती देणं लागतोस? जुन्या इंग्रजी भाषांतरात तो प्रश्न 'शॅल'च्या त्या काळच्या रूपानेच विचारला आहे. 'ड्यूटी' फ्रेंचमधून आली, तीही 'ड्यू' म्हणजे येणं असलेली रक्कम. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ऐकत मोठे झालेल्या वाचकाला कर्तव्य आणि कर्ज यांचं हे नातं समजावून सांगावं लागत नाही.

काही शब्द वाटेतच राहिले. सदसद्विवेकासाठी 'इनविट' हा अस्सल शब्द होता, आतली जाण. कँटरबरीच्या एका मठवाशाने १३४० मध्ये केंटच्या बोलीत एक नीतिग्रंथ भाषांतरित केला, त्याच्या नावातच हा शब्द आहे: इनविटचा पुन्हा पुन्हा होणारा दंश, म्हणजे आपण ज्याला टोचणी म्हणतो ती. लॅटिनकडून 'कॉन्शन्स' आला आणि इनविट मागे पडला. 'थेआव' म्हणजे सवय, आचार, सद्गुण. चॉसरच्या काळापर्यंत चांगल्या 'थ्यूज'चा माणूस म्हणजे चांगल्या वळणाचा माणूस. पुढे अर्थ शरीराकडे सरकला आणि आता 'थ्यूज' म्हणजे स्नायू. चारित्र्यावरून दंडाच्या बेडकीवर आलेला हा शब्द.

आता 'प्रिन्सिपल'कडे परत येता येईल. लॅटिन 'प्रिन्सेप्स' म्हणजे पहिली जागा घेणारा: 'प्रीमुस' पहिला आणि 'कापेरे' घेणे. त्यातून प्रिन्स, त्यातून 'प्रिन्सिपॅलिस' म्हणजे मुख्य, आणि त्यातूनच 'प्रिन्सिपियम' म्हणजे आरंभ. प्रिन्सिपॅलिसचं इंग्रजी रूप ए-एलने संपणारं, तेच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि तेच बँकेतलं मुद्दल. प्रिन्सिपियमचं रूप एल-ईने संपणारं. यातला एल मुळात नाहीच. फ्रेंच 'प्रिन्सिप'ला इंग्लंडमधल्या फ्रेंचमध्ये तो चिकटला, जसा 'सिलॅबा'चा सिलॅबल झाला, 'क्रॉनिका'चं क्रॉनिकल, 'पार्टिसिपियम'चा पार्टिसिपल. दोन स्पेलिंगं आज मुलांना छळतात त्याचं मूळ या जादा एलमध्ये आहे. लक्षात ठेवायला एवढं पुरे: एल-ईवाला फक्त नाम असतो आणि तो माणूस किंवा रक्कम कधीच नसतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी लेखनात दिसू लागतो. तेव्हा अर्थ दोन: उगम, आणि एखाद्या विद्येचं प्राथमिक विधान. दुसऱ्या अर्थाला खरं बळ भूमितीने दिलं. वेल्समधल्या टेन्बी गावचा रॉबर्ट रेकॉर्ड, बरोबरचं चिन्ह काढणारा, याने १५५१ मध्ये भूमितीचं पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि त्याच्या शीर्षकातच 'भूमितीची पहिली प्रिन्सिपल्स' असे शब्द घातले. त्याला लॅटिन न येणाऱ्या कारागिरांपर्यंत पोचायचं होतं. म्हणून युक्लिडच्या गृहीतकांना त्याने नाव दिलं 'मान्य करता येण्याजोग्या विनंत्या', आणि स्वयंसिद्धांना 'सर्वांची सामाईक वाक्यं'. मला हे शब्द आजच्या पाठ्यपुस्तकातल्या शब्दांहून प्रामाणिक वाटतात. विनंती म्हटल्यावर वाचणाऱ्याला कळतं की इथे काही सिद्ध केलेलं नाही, त्याची संमती मागितली आहे. दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते, एवढं मान्य कर, मग पुढचं मी दाखवतो. राल्फ लेव्हरने १५७३ मध्ये तर्कशास्त्रासाठी असाच प्रयत्न केला. तर्कशास्त्राला 'विटक्राफ्ट', निष्कर्षाला 'एंडसे', आधारविधानांना 'फोरसेज'. हे टिकले नाहीत.

त्याच काळात 'प्रिन्सिपल' हा पदार्थही होता. सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याच्या अनुयायांच्या मते सर्व वस्तू मीठ, गंधक आणि पारा या तीन प्रिन्सिपल्सनी बनलेल्या. रसायनज्ञ रॉबर्ट बॉइलने १६६१ मध्ये या तिघांवर जाहीर शंका घेतली. पण तो अर्थ पूर्ण मेला नाही. सिंकोनाच्या सालीतल्या क्विनीनला किंवा अफूतल्या मॉर्फिनला औषधशास्त्रात अजून 'ॲक्टिव्ह प्रिन्सिपल' म्हणतात. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. सांख्यांची २५ तत्त्वं आणि 'तत्त्वाला जागणारा माणूस' यांतही एकाच शब्दाने विश्वाचा घटक आणि माणसाची निष्ठा दोन्ही सांभाळली आहेत. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या लॅटिन नावातलं 'प्रिन्सिपिया' मात्र भूमितीच्या वाटेवरचं आहे, पहिली विधानं, ज्यांतून ग्रहांची गती काढता येते.

कुणाला अशी एखादी वाट स्वतः चालून पाहायची असेल तर साधनं घरबसल्या मिळतात. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश, मध्य इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा २००१ मध्ये पूर्ण झालेला कोश, दोन्ही इंटरनेटवर मोफत. मग ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि पहिल्या आवृत्तीचा शेवटचा १९२८ मध्ये निघाला. त्यात अवतरणं तारखेच्या क्रमाने असतात. आधी अवतरणं वाचावीत, व्याख्या नंतर. पहिली तारीख म्हणजे शब्दाचा जन्म समजू नये, ती फक्त सापडलेली सर्वात जुनी नोंद असते. जुन्या हस्तलिखितांतलं 'थॉर्न' हे 'टीएच'च्या उच्चाराचं अक्षर पी किंवा वायसारखं दिसतं, त्यामुळे शोध चुकतो. 'ये ओल्ड' अशा पाट्यांमधला 'ये' हा चुकून वाय वाचलेला 'द' आहे. स्वरांची लांबी पाहावी. देवासाठीचा ऱ्हस्व 'गॉड' आणि चांगलं या अर्थाचा दीर्घ 'गोड' यांची मुळं वेगळी आहेत, जुळवून दाखवणारे कितीही भेटले तरी. आणि मूळ सापडलं की तोच 'खरा' अर्थ असा आग्रह धरू नये. 'ऑट' म्हणताना आज कोणी हिशोबाची वही उघडत नाही.

एक शब्द असा तपासून पाहू: 'अनप्रिन्सिपल्ड'. आज अर्थ सरळ, तत्त्वशून्य, लबाड. इंग्रज कवी मिल्टन याच्या, लडलोच्या किल्ल्यात १६३४ मध्ये झालेल्या नाट्यप्रयोगात रानात हरवलेल्या बहिणीबद्दल मोठा भाऊ म्हणतो, ती सद्गुणाच्या पुस्तकात इतकी 'अनप्रिन्सिपल्ड' नाही. बहिणीच्या लबाडीचा तिथे विचारही नाही. ती त्या विद्येत अशिक्षित नाही, तिला पहिले धडे मिळालेले आहेत, असं तो म्हणतो. दहा वर्षांनी, छपाईच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेत, मिल्टन लोकांना 'अनप्रिन्सिपल्ड' जमाव समजण्याला विरोध करतो. तिथेही अर्थ धर्माची मूलतत्त्वं न शिकलेला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'प्रिन्सिपल'चे अर्थ घटक पदार्थापासून सुरू होतात आणि नीतीचा आधार असलेलं मत हा अर्थ अगदी शेवटी येतो. 'अनप्रिन्सिपल्ड'पुढे त्याने लिहिलं आहे: मतांमध्ये स्थिर न झालेला. लबाडी अजूनही नाही. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या अमेरिकी कोशात पहिला अर्थ जुनाच आहे, आणि दुसरा म्हणून नीतिमत्ता नसलेला, दुराचारी.